मावशीचं नाक

माझी मावशी एकतीस वर्षं व्हिस्की गाळत होती आणि त्यातला एक थेंबही तिनं कधी जिभेला लावला नव्हता. "जीभ लाडावली की नाक कामचुकारपणा करतं," म्हणायची.

ती कामाला होती त्या छोट्या भट्टीत राय नावाच्या धान्याची व्हिस्की बनते. हे धान्य मोठं हट्टी. शिजताना खळीसारखं चिकटतं आणि नजर चुकली की फेसासकट उतू जातं. मावशी मला रागवायची तशीच त्यालाही रागवायची. तांब्याच्या भांड्यातून धार सुरू झाली की ती दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायची. आधी नेलपॉलिशचा वास येतो. ती धार बाजूला. मग मिरीचा आणि भाजलेल्या पावाचा येतो, ती आपली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की तोटी बंद.

भट्टीचे नवे साहेब एकदा दारूची तीव्रता मोजायचं मीटर बघून म्हणाले, "मावशी, मीटर म्हणतंय अजून वीस मिनिटं चांगली धार येईल."

"मग मीटरलाच पाजा," म्हणत तिनं तोटी फिरवली.

साहेबांनी हट्टानं पुढची धार वेगळी धरली, चाखली आणि तोंड वाकडं केलं. परत मीटरचं नाव काढलं नाही.

मावशीच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीच तिच्या हातची, आठ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की तिच्यापुढे धरली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. मावशीनं आयुष्यातला पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"टकामका काय बघताय? अशीच लागणार, मला माहीतच होतं."