राजवाड्यात मरण्याची परवानगी

मेंगबाई सातव्या वर्षी हानयांग या राजधानीच्या शहरातल्या राजवाड्यात आल्या आणि विसाव्या वर्षापासून रोज राजाच्या आधी जेवू लागल्या. तो मान नव्हता, काम होतं. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास त्यांनी खायचा. त्यांना काही झालं नाही, की मग महाराजांनी चमचा उचलायचा. विष एकदाही निघालं नाही. अजीर्ण मात्र पुष्कळदा झालं, तेही मेंगबाईंनाच.

त्या माझ्या खापरपणजीच्या मावशी. मुलं पोटभर जेवली का, हा घोर मलाही सुटत नाही. पण मेंगबाईंचं लेकरू, म्हणजे महाराज, पन्नाशीचं होतं आणि खिमट जरा खारट लागलं की ताट सरकवून रुसायचं.

"तू मला आईसारखी," महाराज म्हणत. "या घरचीच तू."

एकसष्टाव्या वर्षी मेंगबाईंच्या पोटात गाठ आली. वाड्याचा नियम असा, की राजघराण्याबाहेरच्या माणसाने आत मरायचं नाही. चाकर अत्यवस्थ झाला, की मागच्या दाराने बाहेर. मेंगबाईंना मरणाचं फारसं काही वाटत नव्हतं, फक्त ते आपल्या खोलीत यावं एवढीच इच्छा होती. त्यांनी थेट महाराजांनाच विचारलं.

"मी घरचीच ना? मग घरात मरू द्या."

महाराज रडले. मंत्र्यांची तीन दिवस खलबतं चालली. निकाल लागला: मेंगबाईंनी मरेपर्यंत वाड्यात राहावं, फक्त मरायला बाहेर जावं. वेळ राजवैद्यांनी सांगायची.

राजवैद्य घाबरट. हात गार लागताच त्यांनी पालखी मागवली. भाचीच्या, म्हणजे माझ्या खापरपणजीच्या, घरी मेंगबाई दोन दिवसांत उठून बसल्या. इकडे त्यांच्या जागी आलेल्या युनबाईंनी घास घेतला, की महाराज कुरकुरत, "हिच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. चव आहे की विष?" मेंगबाईंना परत आणलं.

महिन्याभराने धाप लागली. पुन्हा पालखी.

"बाई, या खेपेला नक्की ना?" भोई म्हणाला. "आमचे खांदे गेले."

"प्रयत्न करते, बाबा."

पाचव्या दिवशी वाड्यातून निरोप्या आला. "महाराजांनी दोनदा ताट परत पाठवलंय. चला, बाई."

भाची म्हणाली, "मावशी, तुम्हाला तिथेच मरायचं होतं ना? बघा, बोलावतायत."

"जेवायला बोलावतायत," मेंगबाई म्हणाल्या. मग निरोप्याकडे वळल्या. "महाराजांना सांग, मला भूक नाही."

असा निरोप वाड्यात कसा सांगायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी भाचीच्या घरी, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर मेंगबाई गेल्या. महाराजांनी त्या दिवशी कडकडीत उपास केला, असं दरबारी सांगत. युनबाईंना मात्र त्या दिवशी खिमट दोनदा चाखावं लागलं होतं.