क्लेमच्या पाठीवरचा डाग

क्लेम हॉब्डेने उभी हयात बोवेन बंदरातल्या, कोळंबी पकडणाऱ्या ट्रॉलर बोटीवर काढली, तीही उघड्या अंगाने. दर रविवारी त्याची बायको नोरीन त्याला व्हरांड्यात स्टुलावर बसवायची आणि चष्मा लावून पाठीवरचा एकेक तीळ बघायची. "हलू नकोस रे, मगरीच्या कातडीच्या!" हा तिचा आवाज आमच्या कुंपणापर्यंत यायचा.

नोरीन गेली आणि क्लेम मिटूनच गेला. सकाळी उठवत नाही, जेवण जात नाही. टाउन्सव्हिलच्या कुठल्याशा क्लिनिकने त्याला पुरुषी हार्मोनचं जेल दिलं. रोज खांद्यांना चोळायचं. थोडी हुशारी आली खरी. त्याने निळा शर्ट घेतला, शुक्रवारी क्लबात जायला लागला. मी तिथे बारवर काम करते. तो कोपऱ्यात एक बिअर घेऊन बसायचा आणि नाच सुरू झाला की उठून घरी जायचा.

एकदा तो अंगणात उघडाच कपडे वाळत घालत होता. डाव्या खांद्याखाली मला काळा डाग दिसला, कडा फाटल्यासारख्या.

"क्लेम, हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"पाठीवर. कुणी बघितलं नाही?"

"बघणारी गेली ना," तो म्हणाला आणि चिमटे लावत राहिला.

मीच त्याला गाडीत घालून डॉक्टर पेट्राकिस बाईंकडे नेलं. डाग कापून तपासायला पाठवला. मेलानोमा निघाला, त्वचेच्या कॅन्सरांतला वाईट प्रकार, काखेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

"औषधं कुठली घेता?" बाईंनी विचारलं.

क्लेम माझ्याकडे बघून लाल झाला. मी उठायला लागले, तर म्हणाला, "बस गं, तू काय परकी आहेस?" आणि जेलचं सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते आजपासून बंद."

"त्याच्यामुळे झालं?"

"तसं नाही सांगता येत. मूळ काम उन्हाचं. पण पुरुषी हार्मोनमुळे या कॅन्सरच्या पेशींना पसरायला बळ मिळतं, असं संशोधनात दिसतंय. बायकांचं हार्मोन उलट त्यांना थोडा लगाम घालतं, असंही वाटतं. अजून पक्कं नाही. पण पुरुष यात बायकांपेक्षा जास्त दगावतात, हे खरं. तुम्ही लोक येताही उशिरा."

"म्हणजे पुरुष असणंच नडलं म्हणा!" क्लेम हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

काखेतल्या गाठी काढल्या, मग वर्षभर सलाइनमधून औषध चाललं. कॅन्सर आटोक्यात आला. जेल सुटलं तसा जुना थकवा परतला, आणि क्लब सुटला. आता दवाखान्यातली नर्स ठरल्या वेळी त्याच्या पाठीचे फोटो काढते.

"मी बघत जाऊ का अधूनमधून?" मी एकदा विचारलं.

"नको गं," तो हळूच म्हणाला. "नर्सचं ठीक आहे. तिचं ते कामच आहे."

परवा तपासणी चांगली आली. घरासमोर येऊन, काच खाली असलेल्या गाडीतूनच त्याने पर्थला राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन केला. "सगळं छान आहे बेटा, तू नको येऊस एवढ्या लांब." फोन ठेवला. मी माझ्या दारातून बघत होते. गाडीचं इंजिन बंद होतं, घर समोरच होतं, आणि तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.