कोरल पांढरं पडलं तेव्हा

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या पुढच्या खोलीत चार फुटांची एक काचपेटी होती आणि तिच्यात खारं पाणी होतं. येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगावं लागे. भंडारा जिल्ह्यात तलाव पुष्कळ, पण समुद्र फार लांब. मीठ पाकिटातून यायचं, ते मी फिल्टरच्या पाण्यात मापाने कालवत असे. मासे दोनच होते, बाकी सगळं कोरल. कोरल दिसतं झाडासारखं, पण ते जिवंत प्राणी. त्यांच्या अंगात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही देतं. फार त्रास झाला की कोरल हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

मी भंडाऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, नवरा जवाहरनगरच्याच कारखान्यात. पेटीचा नाद माझा. नवऱ्याने तो आधी सहन केला आणि मग मदतीलाही लागला.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोंढ्याहून आमच्याकडे आले. आयुष्यभर धानाची शेती केलेला माणूस, हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमत नव्हतं. सकाळची वंदना झाली की ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसत.

"लोक म्हणतेत लाल आहे, हिरवं आहे," ते एकदा म्हणाले, "मले तं सारं मटमैलंच दिसून राहिलं."

पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला. मग एक दिवस मी कामावरून आले तेव्हा ते म्हणाले, "बाई, या पेटीचा उजेड लय झाला. डोळ्याले टोचते."

"ऑपरेशन झालं ना जी मामाजी, सुरुवातीले असंच वाटते. चष्मा लावून बसत जा," असं सांगून मी स्वयंपाकाला लागले.

मार्चच्या मध्यावर पेटीतलं एक कोरल फिकं दिसायला लागलं. ते बशीसारखं पसरट होतं, गडद तांबडं. चारपाच दिवसांत ते हाडासारखं पांढरं झालं. शेजारच्या कोरलची टोकंही रंग सोडायला लागली. मी भिंग घेऊन बघितलं. पांढऱ्यावर पारदर्शक कातडी अजून होती. म्हणजे मेलं नव्हतं. मेलेल्या कोरलचा नुसता सांगाडा उरतो आणि त्यावर हिरवट थर चढतो. इथे तसं काही नव्हतं. वेळ होता, पण किती, ते माहीत नव्हतं.

कोरल पांढरं पडण्याचं पहिलं कारण कोणीही उष्णता सांगेल. ऊन तापायला लागलं होतं. पाणी थंड राहावं म्हणून मी पेटीवर एक छोटा पंखा लावला होता, आणि मी लॅबमध्ये असताना दिवसभर घरात सासरे एकटेच असत. गावाकडे ते रिकाम्या खोलीतला दिवासुद्धा चालू ठेवत नसत. मी मनाशी हिशेब केला आणि उत्तर काढून मोकळी झाले.

"मामाजी, दुपारी तुम्ही हा पंखा बंद करता का जी?"

"नाही. मी कायले बंद करू?"

"चुकून लागला असंल हात."

"त्या पंख्याले मी शिवलो नाही, बाई."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधून चिकटपट्टीचा तुकडा आणला, पंख्याच्या बटणावर चिकटवला आणि त्यावर पेनाने लिहिलं: हात लावू नये. सासरे मागेच उभे होते. त्यांनी काळा चष्मा काढला, जवळ आले आणि सातवी शिकलेल्या माणसाच्या सावकाशीने ते तीन शब्द मोठ्याने वाचले. ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः वाचलेलं ते पहिलंच काहीतरी होतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली.

तीन दिवस ते व्हरांड्यातच बसत होते. जेवायला आत येत, परत बाहेर जात. कोरल आणखी पांढरं झालं.

रविवारी मी वही घेऊन बसले. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट पटला नाही की आम्ही सगळं परत तपासतो, तसं करायचं ठरवलं. थर्मामीटरमध्ये गेल्या काही दिवसांचं सर्वांत जास्त तापमान साठलेलं असायचं. मी ते आधी बघितलंच नव्हतं, इतकी माझी खात्री होती. ते सत्तावीसच्या वर गेलेलं नव्हतं. म्हणजे पंखा एकही दुपार बंद नव्हता. खारटपणा मोजला, बरोबर होता. पाण्याच्या बाकीच्या तपासण्या केल्या, त्याही नेहमीसारख्याच आल्या.

मग मी पेटीसमोर खाली बसून नुसतं बघत राहिले. पांढरं सगळं वरच्या बाजूला होतं. दगडाच्या आडोशाची कोरलं अगदी धड होती. त्या बशीवर एका कोरलच्या फांदीची सावली पडत होती, आणि बरोबर त्या सावलीच्या आकाराचा तांबडा पट्टा शिल्लक होता. पाण्यात दोष असता तर तो सावलीत थांबला नसता. दोष उजेडाचा होता.

मी पेटीवरच्या दिव्याची मागची बाजू चाचपली. पांढऱ्या उजेडाचं बटण मी एक तृतीयांशावर ठेवत असे, तिथे पेनाची खूण होती. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

नवरा आत वर्तमानपत्र वाचत होता. मी विचारलं, "दिवा कोणी वाढवला?"

त्याने जरा आठवून बघितलं. "मीच. बाबाले काही दिसत नव्हतं ना, म्हणून ऑपरेशनच्या आधी वाढवला होता. कमी करायचं राहूनच गेलं."

"मले सांगायचं तरी."

"एवढं होईल असं वाटलं नाही."

मी त्याच्यावर चिडू शकले नाही. पेटी माझी होती. गेले कित्येक रविवार तोच उजेड माझ्या समोर होता आणि मला तो दिसला नव्हता. आणि ज्यांना दिसला, त्यांनी तसं सांगितलंही होतं.

मी दिवा पाव भागावर आणला. बाकी कशालाही हात लावला नाही. घाबरून दहा गोष्टी बदलल्या की उरलेलंही जातं. पंख्याच्या बटणावरची पट्टी काढली आणि व्हरांड्यात गेले.

"मामाजी, चूक माझी होती. उजेड जास्त झाला होता. तुम्ही म्हणालेच होते."

ते रस्त्याकडे बघत होते. कारखान्याची बस वळून गेली. मग म्हणाले, "इचारायले पायजे होतं ना, बाई."

"विचारलं होतं जी मी."

"इचारलं नाही. तू सांगतलं."

मी आत जाऊन चहा आणला, तो त्यांनी घेतला. खुर्ची दुसऱ्या दिवशी आत आली, तीही दुपारचं ऊन व्हरांड्यात शिरलं तेव्हा.

आठवड्याला थोडा थोडा उजेड वाढवत आणि कोरलला बारीक खाणं देत मी एप्रिल, मे काढला. सासरे तोवर उन्हाळी धानासाठी गावी परतले होते. बहुतेक कोरलांना आधी तपकिरी आणि मग हळूहळू मूळचा रंग आला. बशीचा मात्र अर्धा भाग मेला; तो मी कापून काढला.

दिवाळीनंतर सासरे दुसऱ्या डोळ्यासाठी आले. या वेळी माशांना खाणं घालायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. डबी त्यांच्या हातात असायची, वेळ ठरलेली होती, तरी रोज ते मला हाक मारत.

"टाकू का, बाई?"

"टाका ना जी, विचारायचं काय त्यात," मी म्हणत असे.

ते गावी जाईपर्यंत रोज विचारत राहिले.