आधी टाच बघणारी

या, जवळ सरकून बसा. उंबऱ्यातनं काय बघताय, मी काय चावते का? आणि तो मोबाईल ठेवा खाली. बोलता बोलता माझी नजर तुमच्या टाचेवर गेली तर रागावू नका. ही सवय मला जिच्यामुळे लागली, तिचंच सांगायला बसलेय.

आमच्या काष्टीच्या मास्तरांची लेक ती. शिकून शास्त्रज्ञ झाली आणि बंगळूरच्या प्रयोगशाळेत रमली. हृदयाचा आजार एकाच घराण्यात आईबापाकडून लेकरांकडे कसा उतरतो, ते रक्तातनं शोधायचं, हे तिचं काम. मास्तर स्वतः ऐन बाजारात, हातात मेथीची जुडी असताना गेलेले. तिथून तिने हा नाद धरला तो धरलाच.

गावी आली की माणसाच्या तोंडाआधी ती टाच बघायची. बायकांना वाटायचं, ही आपली पैंजणं बघते. "काकू, पैंजण न्हाई," ती म्हणायची, "टाचेवरची शीर बघते. ती जाड दिसली की मला घास गोड लागत न्हाई." बंगळूरला कितीही इंग्रजी बोलत असो, एस.टी.तून उतरली की आमच्यासारखीच बोलायची.

एकदा तिला गावातल्या काही घरांचं रक्त उपाशीपोटी हवं होतं. तिने डोकं लढवून एकादशी निवडली. त्या दिवशी सगळे उपाशीच असणार! सकाळी शाळेत माणसं जमली ती साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, वर केळं असं सगळं खाऊन. मी तर तिच्यासाठीही डबा नेलेला. तिने कपाळावर हात मारला. "मी काष्टीचीच, आणि एकादशी दुप्पट खाशी हे मीच विसरले!" मग खाली बसून डबा चाटूनपुसून खाल्ला आणि म्हणाली, "उद्या चुली पेटायच्या आत मीच घरोघर येते."

आली की. उजाडताना आमच्या दारात हजर. माझा लेक गाईची धार काढून मोरीवर पाय धूत होता. तिची नजर गेली टाचेवर आणि तिथेच थांबली.

"बाळासाहेब, हात पुढे कर."

"मला काय झालंय, ताई? रोज ऊस तोडतोय की."

"तुझे वडील पण तोडत होते."

त्याने ते हसण्यावारी नेलं, हात काही पुढे केला नाही. त्याचे वडील असेच हसत रानात गेले होते, ते खाटेवरून परत आले. तेव्हा माझ्या नणंदेने भरल्या घरात मला पांढऱ्या पायाची म्हटलं. वर्षं सरली, पण ते बोलणं काही सरलं नाही. लग्नकार्यात अजून मला मागे बसवायचे.

ती माझ्याकडे वळली. "काकू, आपल्या गावचा बाजार उठल्यावर घाण उचलायला टेम्पो येतात ना? निम्मे आलेच न्हाईत तर?"

"बोळ तुंबंल की."

"तसं ह्या घराण्याच्या रक्तातली चरबी उचलणारे निम्मे टेम्पो जन्मापासून येतच न्हाईत. ती शिरांत साचते. टाचेत दिसते, काळजात दिसत न्हाई. दोष काकांच्या रक्तात होता, काकू. तुमच्या पायात न्हाई."

मी पदर तोंडाला लावला. लेक ओल्या पायांनी तसाच आला आणि त्याने हात तिच्या पुढ्यात धरला. "काढा रक्त. आणि हे आत्याच्या घरी जाऊन सांगा, मोठ्यानं."

ती खरंच गेली. नणंदेलाही तिने आधी टाचच दाखवायला लावली. आत्या-भाचा दोघांच्या रक्तात तोच दोष निघाला. आता दोघं रोज गोळी घेतात आणि तेलावरून एकमेकांना दटावतात. बाळासाहेब आज वडिलांपेक्षा वयाने मोठा आहे. त्याच्या डोक्यातले पांढरे केस बघून मला जो आनंद होतो, तो कुणाला सांगू? नणंद माफी मागणाऱ्यातली नाही. पण परवा तिच्याच घरच्या साखरपुड्यात तिने माझा हात धरून मला पुढे बसवलं, "वहिनी, नवरीला पहिलं कुंकू तू लाव."

बघायला मास्तरांची लेक मात्र नव्हती. बरेच दिवस आली नाही. फोनवर म्हणते, काम संपत नाही.

बाई गं, काम कुणाचं संपलंय? लवकर ये. एकादशी बघूनच ये. रक्त कुणाचं काढायचं नाही, या खेपेला तू तेवढी उपाशीपोटी ये. खिचडी मी टाकते.