उरलेले तीन कोअर

संगणक सुरू झाला की बाकी सगळ्या प्रोग्रामांच्या आधी जो उठतो त्याला कर्नल म्हणतात. मी त्याच्यावर काम करतो. आमच्या इचोडा गावात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हंजे मोबाइल दुरुस्त करता का?" पूर्वी मी चिडून समजावत बसायचो. आता सरळ हो म्हणतो आणि त्यांचा मोबाइल पाहून देतो.

आमचं घर हमरस्त्याला लागून आहे. खाली ताडपत्री आणि दोरांचं दुकान, वर माझी खोली. कंपनी हैदराबादेत आणि मी इथे, हे कंपनीला चालतं. ही गोष्ट घडली तेव्हा माझ्या टेबलावर एक नवा सर्किट बोर्ड आला होता. त्याच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे एका कवटीत चार स्वतंत्र डोकी. वीज दिली की एकच डोकं कामाला लागतं, बाकीची तीन झोपून राहतात. पहिल्या कोअरने मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी पत्ता लिहून ठेवायचा, काम कुठून सुरू करायचं त्याचा, आणि मग तिघांना हाक मारायची. ते उठतात, त्या जागी बघतात, पत्ता दिसला तर निघतात. शून्य दिसलं तर परत आडवे. माझे तिघे परत आडवे होत होते, आणि मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

खालीही काही बरं चाललं नव्हतं. आमच्या घरात बाबा आणि दादा एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. बाबा आईला सांगत, आई दादाला सांगे, आणि दादाचं उत्तर त्याच वाटेने परत येई. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत असंच असतं. थोरल्याला मिशी फुटली की बाप त्याच्याशी बोलणं सोडतो आणि त्यालाच मान समजतात. माझ्याशी बाबा बोलत, कारण धाकट्याला कोण मोजतं! आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. रीत मात्र तशीच राहिली.

चाळिशी ओलांडलेला दादा दिवसभर दुकानात उभा असे. दोर मोजायचा, ताडपत्र्या उलगडून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. गादीवर बाबा. एके दिवशी जेवता जेवता तो मला म्हणाला, "पोळा झाला की मी इथून भैंस्याले राह्याले चाललो. साळ्याच्या कापसाच्या जिनिंगमधी. बायको-पोरं घेऊनच."

"काऊन?"

"इथं मी काय करून राह्यलो? अजून नोकरावानीच हाय मी."

 दादा नसलेलं घर मला कल्पनेतही आणता येईना. मी तडक बाबांकडे गेलो. ते अगदी शांतपणे म्हणाले, "जाऊ दे त्याले. मी तं कवाचंच सांगतलं, आता गादीवर तू बस म्हनून. बसतच नाई. दुकानात मनच नाई त्याचं."

मग मला दादाचाच राग आला. बाप गादी देतोय आणि हा तोंड फुगवून भैंस्याला निघालाय! मी त्याच्याशी तुटक वागायला लागलो. तोही मला काही विचारायला आला नाही.

वर बोर्डाचं रडगाणं चालूच होतं. त्या ठरलेल्या जागी काय लिहिलंय हे मी पहिल्या कोअरलाच पुन्हा पुन्हा विचारत होतो आणि तो दर वेळी बरोबर पत्ता दाखवत होता. त्यामुळे मी दोष झोपलेल्यांना देत होतो. शेवटी वैतागून मी बोर्डाला तपासणीचं यंत्र जोडलं आणि पहिल्या कोअरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचली. तिथे शून्य होतं.

पहिला कोअर खोटं बोलत नव्हता. त्याने पत्ता लिहिला होता, पण तो त्याच्या स्वतःच्या, हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत राहून गेला होता. तिला कॅश म्हणतात. गल्ल्यातल्या कॅशशी तिचा काही संबंध नाही. तिथलं लिखाण मोठ्या मेमरीत पोचवायला वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि ती आमच्या कोडात नव्हतीच. झोपेतून उठणारा कोअर बिचारा मोठ्या मेमरीत बघतो. पहिल्याच्या पोटातलं त्याला कुठून दिसणार?

मी ती आज्ञा घातली, बोर्ड पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर तिघेही एकामागून एक हजर झाले. एरवी मी टाळी वाजवून खोलीभर नाचलो असतो. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो आणि मागच्या अंगणात बसलेल्या बाबांकडे गेलो.

"बाबा, दादाले तुमी सोता सांगतलं का?"

"म्हंजे?"

"तुमच्या तोंडानं. त्याच्यासमोर."

बाबा भडकले. "बाप-लेकात असं तोंडासमोर बोलतेत का कोनी?"

निरोप मी नेऊ शकलो असतो. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण मग जन्मभर मलाच हे करावं लागलं असतं, आणि आईच्या जागी उभं राहायची मला भीती वाटत होती. मी म्हणालो, "दादा पोळ्यानंतर चालला. तुमीच बोला. मी काई सांगनार नाई."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग उठून दुकानात गेले. मी मागोमाग. एक ट्रकवाला काउंटरपाशी उभा होता आणि दादा त्याच्यासाठी दोर मोजत होता. बाबा गादीपाशी गेले पण बसले नाहीत. दोराच्या वेटोळ्याकडे बघत म्हणाले, "तू काऊन बसत नाई गादीवर?"

दादा दचकला. बाबा कोणाशी बोलताहेत हे त्याने आधी मागे वळून पाहिलं. "मले कोनं सांगतलं?"

"तुह्या आईले सांगतलं होतं मी. दवाखान्यात. तू तं तिच्यापाशीच होता. तिनं मान हालवली होती."

दादाचे हात थांबले. "बाबा, तवा तिले बोलताच येत नव्हतं."

बाबांना हे माहीत होतं. रोज डबा घेऊन तेच तर जायचे. ते गादीच्या कडेला टेकले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. "हो," ते म्हणाले, "नव्हतंच येत." मग त्यांनी दादाला नावाने हाक मारली. बाबांच्या तोंडून दादाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "ये," ते म्हणाले, "बस."

दादाला लगेच बसता आलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. ट्रकवाला हळूच म्हणाला, "भैया, रस्सी?" ती मीच मोजून दिली, आणि बहुतेक जास्तच दिली.