खोबरेलावर चालणाऱ्या काचा

आमच्या भावजींइतका उत्साही माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. झाला असता तर दोन्ही तालुक्यांना मिळून तो पेलला नसता. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. किन्हवलीला त्यांची डिझेल इंजिनावर चालणारी भाताची गिरणी होती. ज्या वस्तूला स्क्रू आहे ती वस्तू उघडून बघण्यासाठीच बनवलेली असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या घरात बंद पडलेले घड्याळ सुखाने बंद राहू शकत नसे आणि चालू घड्याळाला तर त्याहून मोठा धोका असे. एकदा शेणव्याजवळच्या चढावर एसटी बंद पडली, तर ड्रायव्हर खाली उतरायच्या आत भावजी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. एसटी सुरू झाली. काळेकुट्ट हात हलवत ते रस्त्यावरच्या एका गुराख्याला बिघाडाचे कारण समजावून सांगत होते, तेवढ्यात ती त्यांना तिथेच सोडून निघूनही गेली. त्याचा त्यांना जराही राग आला नाही. गाडी आपल्याशिवाय गेली यापेक्षा ती गेली, याचाच आनंद त्यांना मोठा होता. तो सांगतच ते घरापर्यंत चालत आले.

अशा माणसाच्या हाती ती मोटारगाडी लागावी, हे विधिलिखितच म्हणायचे. लाकडाच्या धंद्यातल्या मुंबईच्या एका शेटजींची ती परदेशी गाडी होती. लांबीला एवढी की गिरणीच्या अंगणात तिचे तोंड उन्हात असले तर शेपूट सावलीत असे. पण तिचे खरे नवल काचांत होते. हँडल फिरवायचे नाही; बटण दाबले की काच आपली आपण वर-खाली जाणार. तेव्हा किन्हवलीत विजेचा खांबसुद्धा आलेला नव्हता. म्हणजे आमच्या गावात वीज पहिल्यांदा आली ती भावजींच्या गाडीच्या काचांत, आणि तीही बिघडलेली. वैशाखात चारही काचा वर जाऊन बसल्या आणि घामाने निथळलेले शेटजी तालुक्याच्या रस्त्यावर कसेबसे दार उघडून बाहेर पडले. तिथूनच त्यांनी त्या गाडीचा नाद सोडला. पुढे ती भावजींनी मागून घेतली. चाके, इंजिन, ब्रेक सगळे ठीक होते, याची त्यांना थोडी खंतच वाटली असावी.

पण काचा दुरुस्त करण्यामागे नुसती हौस नव्हती. भावजी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठले, तेव्हा त्यांच्या आईने मुरबाडपलीकडच्या म्हसा गावच्या देवाला नवस बोलला होता: पोरगा जगला तर जत्रेत येऊन नारळ वाहीन. पोरगा जगला, गिरणीवाला झाला, पण नवस तसाच राहिला. कारण आईला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आयला, गाडी लागायची. एसटीत बसून ती दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा सरळगावच्या अलीकडेच उतरून, तोंडाला पदर लावून परत आली. बैलगाडीने जावे तर कंबर दुखावल्यापासून धक्के सोसत नव्हते. तोंडावर वारा हवा आणि बूड मऊ हवे, एवढेच तिचे मागणे होते. गाडीच्या गाद्या तर लोण्यासारख्या होत्या. प्रश्न फक्त वाऱ्याचा होता. "आय, येत्या जत्रंला तुला राणीसारखी नेतो," असे भावजींनी सांगून टाकले आणि गावभर तेच सांगत सुटले. आय मात्र दर अमावस्येला नवसासाठी जपून ठेवलेला नारळ हलवून बघे, आतले पाणी वाजते का म्हणून.

मग त्यांनी दारे उघडली. मी शहापूरला शाळामास्तर; शाळेला दिवाळीची सुट्टी होती म्हणून तिथेच राहायला आलो होतो, आणि ती सुट्टी मी जन्मात विसरणार नाही. गाद्या ओटीवर, दारांची अस्तरे माळ्यावर आणि दारांच्या पोटातून निघालेल्या छोट्या मोटरी, दातेरी चाके, वायरी आक्काच्या सुपात. बारीक स्क्रू ठेवायला सोयीचा म्हणून त्यांनी तिचा मिसळणाचा डबा घेतला. एका संध्याकाळी माझ्या आमटीत वॉशर निघाला. मी तो ताटाच्या कडेला ठेवतो न ठेवतो तोच भावजींनी झडप घालून उचलला आणि पुसून दिव्यापुढे धरला. "मास्तर, हाच गावत नव्हता," ते म्हणाले आणि जेवण टाकून गाडीकडे गेले. आक्का नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या संसाराचे सगळे वर्णन त्या बघण्यात होते.

पहिल्या दुरुस्तीत वायरींची अदलाबदल झाली. पुढचे बटण दाबले की मागची काच हले, आणि खाली जायचे बटण दाबले की ती वर जाई. भावजींना यात दोष दिसेना. "नीट ध्येनात ठेवलं की झालं," असे म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांकडून ते पाठ करून घ्यायला सुरुवात केली. शेवटी आयनेच मोडता घातला. ती म्हणाली, मला ओकारी आल्यावर मी वारा मागू का पाढे म्हणू? मग त्यांनी वायरी पुन्हा लावल्या. काचा सरळ वागू लागल्या, पण कुरकुरत, अडखळत चालत. तेव्हा भावजींनी आक्काची खोबरेल तेलाची बाटली उचलली आणि सढळ हाताने चारही दारांच्या खाचांत रिकामी केली. भात कापणीचे उन्हाचे दिवस होते. काचा अशा गुळगुळीत उतरल्या की बघायला आलेल्या बायांनी तोंडावर हात ठेवले.

जत्रेचा दिवस पौषातला. मी त्यासाठी आदल्या रात्रीच पुन्हा आलो होतो. उजाडताना अंगणात धुके होते आणि बोटे आखडत होती. आय नवे लुगडे नेसून, मांडीवर नारळ घेऊन मागच्या गादीवर बसली. भावजींनी दार लावले आणि बटण दाबले. काही नाही. चारही बटणे दाबली, पुन्हा दाबली, दाबून धरली. दारांच्या आतून आधी घरघर आली, मग दात तुटल्यासारखा कडकड आवाज, आणि मग मोटरींनी अंगच टाकले. काचा होत्या तिथेच. आत पेट्रोलचा वास कोंडला होता. आयचा चेहरा पांढरा पडू लागला. तिने दार ढकलून एक पाय बाहेर टाकला आणि अगदी हळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. देवाला कळतंय. पुढल्या वर्साला बगू."

पुढल्या वर्षाला ती असेल की नाही, हे तिथे कोणीच बोलले नाही. भावजी गाडीला टेकून उभे राहिले. उत्साह नसलेले भावजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि ते मला ओळखू येईनात.

उतरताना आयने आधारासाठी काचेखालच्या खाचेची कड धरली होती. तिने आपली बोटे बघितली, चोळली, नाकाशी नेली.

"खोबरेल घातलंस काय रे यात?"

"होय आय."

"मंग थिजलंय ना ते. मशिनीला काय बोल लावतोस? शेक दे."

त्यानंतर जे झाले त्याला दुरुस्ती म्हणावे की शुश्रूषा, मला अजून ठरवता आलेले नाही. आक्काने चुलीवरचा आंघोळीच्या पाण्याचा हंडा उतरवला. जुनी लुगडी गरम पाण्यात पिळून आम्ही दारांना शेकायला लागलो. शेजारची एक म्हातारी निखाऱ्यांची शेगडी घेऊन आली आणि बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवावी तशी दारापाशी सरकवू लागली. ते तेवढे पेट्रोलच्या भीतीने मी थांबवले. भावजी गुडघ्यांवर बसून दाराला कान लावून होते. आणि एकाएकी, कोणी बटण न दाबता, आयच्या बाजूची काच सर्रकन खाली उतरली. मागून दुसरी, मग तिसरी, चौथी. भावजींनी अशी आरोळी ठोकली की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली.

त्या थंडीत चारही बाजू उघड्या टाकून आम्ही घोंगड्या पांघरून म्हशाला गेलो. आयने सबंध रस्ताभर तोंड बाहेर ठेवले. सरळगाव मागे गेले तेव्हा तिने वळून त्या गावाकडे असे बघितले, की जणू जुने भांडण मिटले. मुरबाडात ओळखीच्या माणसाला तिने हाका मारल्या. जत्रेत एका खिलारी बैलाने खिडकीतून मुंडके आत घातले, तर ती त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, बघ, मी आले. नारळ वाहिला गेला. त्यातले पाणी शेवटपर्यंत वाजत होते.

परत आल्यावर तिने भावजींना बजावले: "आता त्या काचांना हात लावशील तर बग." बिघडलेली असूनही भावजींनी आयुष्यात पुन्हा न उघडलेली ती एकच गोष्ट. मोटरींचे दात गेलेलेच होते; काचा नुसत्या खोबरेलाच्या भरवशावर राहिल्या. वर ढकललेली काच थंडीत वर चिकटून राही आणि ऊन चढले की आपसूक उतरे. भावजींना तर वाटेत दिसेल त्याच्याशी खिडकीतून बोलायची सवय. हिवाळ्यात सकाळी ते काचेआड तोंड हलवत, हात करत निघून जात, आणि उन्हे वर आल्यावर गाडी मागे वळवून राहिलेले बोलणे पुरे करायला येत. पुढे आय गेली. आता काचा करून घ्या, असे मी एकदा सुचवले. "आयनं नको सांगितलंय," एवढेच ते म्हणाले आणि माझे घड्याळ मागितले.

या मार्गशीर्षात भावजी गेले. पौषात कल्याणचा एक माणूस गाडी बघायला येणार होता, म्हणून सकाळी आम्ही चौघांनी ढकलत ती गिरणीच्या पडवीतून अंगणात आणली. काचा बंद होत्या. आक्काने गाडी पुसली, मग तेलाची बाटली उन्हात ठेवली आणि माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. उन्हे अंगणभर पसरली. जरा वेळाने भावजींच्या बाजूची काच थरथरली आणि चार बोटे खाली आली. थांबली. मग आणखी खाली आली.

आक्काने पदर डोक्यावर सारखा केला.

"कुणाशी तरी बोलायचं असल," ती म्हणाली.

कल्याणचा माणूस दुपारी आला. आक्काने त्याला चहा दिला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितले.