मोगऱ्याला ताण

गेल्या फेब्रुवारीत मी आमच्या अंगणातली अकरा झाडं एका दुपारी बोडकी केली. त्या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होते.

जळगावात आमचं बैठं घर आहे. पुढे छोटंसं अंगण आणि अंगणात आईची बाग. आई कॅलेंडर बघत नाही. शेवंती भरली की दिवाळी, कुंद फुलला की माघ, मोगऱ्याचा वास आला की माळ्यावरून कूलर काढा! या सगळ्या ऋतुचक्रात माझं काम एकच होतं. फूल आलं की वास घ्यायचा आणि "वा!" म्हणायचं. ते काम मी तेवीस वर्षं चोख केलं.

घोटाळा झाला तो ताईच्या आखाजीमुळे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके घेतात. ताईचं लग्न डिसेंबरात झालं, चाळीसगावला. ही तिची पहिली आखाजी. आईने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की ताईच्या केसांत घरच्याच मोगऱ्याचा गजरा हवा. "विकतचा माळायचा तर तिने माहेरी यायचं कशाला?"

आणि संक्रांत झाल्यावर धुळ्याच्या मामीचा पाय मोडला. आई पाच आठवड्यांसाठी धुळ्याला गेली. जाताना रिक्षात बसून म्हणाली, "मोगऱ्याला ताण द्यायचाय. कसा ते नाना सांगतील."

नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. धरणगावला त्यांची लिंबाची बाग आहे. पुढच्याच रविवारी ते बाजाराला आले, पुढच्या खोलीत बसून चहा प्यायले आणि अंगणातल्या झाडांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी मला ताण देण्याचं सगळं शास्त्र सांगितलं.

"देख पोरी, पंधरा दिन पानी बंद. झाड सुकाले लागनं का बठ्ठा पाला ओरबाडी टाक. मंग पानी सोड. मंग देख कशा कळ्या येतस! समजनं का?"

मी मान हलवली.

(माझ्या मान हलवण्याचा अर्थ "समजलं" असा कधीच नसतो. "कृपया आता माझ्याकडे बघणं थांबवा" असा असतो.)

नाना गेल्यावर मी अंगणात उभी राहिले. समोर बारा झाडं. बाराही हिरवी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोगरा कुठला, हे मला माहीत नाही! मी मोगरा फक्त फुलासकट बघितला होता. प्रकाशसंश्लेषणाची आकृती मी आजही नावांसकट इंग्रजीत काढू शकते. पण बिनफुलांच्या मोगऱ्याला मी रस्त्यात ओळखलं नसतं.

आईला फोटो पाठवून विचारता आलं असतं. पण ज्या घरात तेवीस वर्षं काढली, त्या घरातला मोगरा कुठला असं आईला कोणत्या तोंडाने विचारणार? शेवटी मी परीक्षेतला नियम लावला. उत्तर येत नसेल तर सगळे प्रश्न सोडवा. मी सगळ्याच झाडांचं पाणी बंद केलं. एक भांडी घासायच्या मोरीजवळचं झुडूप तेवढं सोडलं. ते खरकट्या पाण्यावर आपोआप उगवलेलं रान असणार, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी झाडांनी माना टाकल्या. मला आनंद झाला. पाचव्या दिवशी सकाळी सगळी पुन्हा ताजीतवानी! सहाव्या दुपारी माना खाली, सातव्या सकाळी माना वर. पंधरा दिवस हाच खेळ.

आईचा रोज फोन. "ताण दिला ना?"

"हो आई."

"सुकतोय ना मोगरा?"

"दुपारचा सुकतो."

"दुपारचा?"

"रेंज जातेय आई," म्हणून मी फोन ठेवत असे.

घाबरत घाबरत नानांना फोन लावला.

"पानी बंद शे ना?"

"हो."

"मंग जमीन भारी व्हई तुम्हनी! आखो आठ दिन जाऊ दे."

आठ दिवसांनीही झाडं हसतच होती. मग मी ठरवलं, बास. हातमोजे घातले आणि ओरबाडायला सुरुवात केली. जास्वंद. अनंत. गुलाब (हातमोज्यांचा काही उपयोग झाला नाही). फुललेला कुंदसुद्धा फुलांसकट! तीन तासांत दोन पोती पाला. शेजारच्या शमीम खाला शिवणाचं मशीन थांबवून कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या.

"या अल्लाह! बेटा, ये क्या कर रही है?"

"ताण देतेय, खाला."

"किसको?"

हा प्रश्न फार योग्य होता. मी मान हलवली.

दोन दिवसांनी आई आली. रिक्षा दारात थांबली. आईने अंगणाकडे बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हे नाही हो दादा, पुढे घ्या."

मग तिला मी दिसले.

"हे काय गं?"

"पाला ओरबाडला. नानांनी सांगितलं."

"जास्वंदीचा?"

"हो."

"अनंताचा?"

"हो."

"आणि मोगरा?"

"त्यातच आहे ना कुठेतरी."

आई मोरीजवळ गेली. अख्ख्या अंगणात ते एकच झुडूप नखशिखांत हिरवंगार उभं होतं. महिनाभर पोटभर पाणी पिऊन, एक पान न गमावता.

"मग हा कोण?"

मी मान हलवणार होते, पण कोणत्या दिशेने तेच कळेना.

आई पायरीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आता आखाजीला माझी पोर काय माळेल?" मला पोत्यातला सगळा पाला झाडांना परत चिकटवावासा वाटला.

तेवढ्यात पप्पा आतून म्हणाले, "तरी बरं, मी रोज पहाटे एकेक तांब्या घालत होतो. बिचारी फार सुकली होती."

भिंतीपलीकडून खाला म्हणाल्या, "भाभी, मैं भी शाम को पाइप से पानी मारती थी. देखा नहीं गया मुझसे!"

आईने आमच्या तिघांकडे पाळीपाळीने बघितलं. "म्हणजे एवढ्या दिवसांत या घरात ताण आला तो फक्त हिला!"

मग पदर खोचून ती मोगऱ्याकडे वळली. पाला कसा काढायचा, फांदी कुठे धरायची, ते तिने मला हात धरून दाखवलं. "आता ताण द्यायला वेळ नाही. येतील तेवढ्या कळ्या खऱ्या."

त्यानंतर मी रोज सकाळी दात घासत बागेत उभी राहायला लागले. आधी काही नाही. मग बोडक्या काड्यांवर तांबूस ठिपके, मग उंदराच्या कानाएवढी पानं, मग तांदळाएवढ्या कळ्या! मी एवढी वर्षं नुसती फुलं बघितली होती. ती येताना कधीच बघितली नव्हती.

आखाजीला जास्वंद, गुलाब, अनंत सगळे एकदम फुलले. मोगऱ्याने बरोबर नऊ कळ्या दिल्या. मध्ये मध्ये मरवा घालून आईने बोटभर लांबीचा गजरा केला. तो माळून ताई झोक्यावर बसली आणि एका हाताने तो सारखा चाचपत राहिली. आई दाराआड डोळे पुसत होती.

ताईला सोडायला तिच्या सासूबाई आल्या होत्या. त्या बागेभोवती दोनदा फिरल्या. "काय बहर धरलाय हो! कोणी केलं?"

"धाकटीने," आई पटकन म्हणाली. "एकटीने सांभाळली पाच आठवडे." (आया अशाच असतात. घरात सोलतात, बाहेर झाकतात.)

"अगं बाई! मग माघात हिलाच चाळीसगावला नेते. आमच्या मोगऱ्याला तीन वर्षं फूल नाही. जमेल ना गं तुला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

त्यांच्या गच्चीवर म्हणे साठ कुंड्या आहेत.